शामरावजींच्या सायकलचा ताप

मे महिन्यात दुपारी गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. अशाच एका दुपारी पापड उचलायला मी गच्चीवर गेले, तर शेजारचे शामरावजी ओसरीत बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. उघड्या दारातून दिसणाऱ्या आतल्या खोलीत कूलर पूर्ण जोरात घोंघावत होता. आणि कूलरच्या अगदी तोंडासमोर, स्टँडवर, त्यांची बॅटरीची सायकल उभी होती.

"काका, कूलर आत आणि तुम्ही बाहेर?" मी वरून ओरडले.

"तिले ताप हाय," ते शांतपणे म्हणाले. "माह्यं का, मी घामानं थंडा होऊन राहिलो. तिले घाम येते का?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी 'नाही' म्हणून मी पापड उचलू लागले.

शामरावजी रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. पुढे फाटकाच्या जागी पूल झाला, हे निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. पण फाटक डोक्यातून गेलं नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच अवस्था, लाल आणि हिरवी. चहा उकळला की लाल. लेकीचा आवाज चढला की "पोरगी आज लाल हाय." एकदा माझे यजमान पाण्याच्या मोटरीवरून चिडले होते, तर हे भिंतीवरून मला हळूच म्हणाले, "मॅडम, साहेब लाल हायेत. फाटक टाका."

सायकल लेकीनंच पाठवली होती. तिच्यात कंट्रोलर नावाची एक डबी असते. बॅटरीतली वीज मोटरला किती द्यायची ते ती ठरवते. लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, ती डबी फार गरम झाली की थांबायचं. नाहीतर जळेल." झालं! काकांना वरून ऑर्डरच आली.

त्या दिवसापासून त्यांनी डबीची जी सेवा मांडली, ती आजारी माणसाचीही कोणी करत नसेल. ऊन लागू नये म्हणून तिला गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलं. त्यावर थर्माकोल. त्यावर ओला पंचा. आपल्याकडे उन्हात जाताना खिशात कांदा ठेवतात, तसा यांनी हँडलला कांदा बांधला. तरी डबी तापायचीच, आणि तापली की काका जागच्या जागी गाडी थांबवायचे.

त्यांच्या पुतण्याचं लग्न आमगावला होतं. मलाही आग्रहाचं बोलावणं. "संगंच जाऊ," म्हणाले. ते सायकलवर, मी मागून स्कूटीवर. पहिल्याच पानठेल्याशी ते उतरले, गोधडीत हात घातला आणि लेकराचं कपाळ पाहावं तशी पालथ्या हातानं डबी पाहिली.

"लाल हाय. थांबा."

पानठेलेवाल्याशी त्याच्या जावयाच्या नोकरीवर बोलणं झालं, पान झालं, मग निघालो. पुढे सडकेलगतच्या एका घरासमोर पुन्हा लाल. अंगणात सुपानं तांदूळ पाखडणारी म्हातारी आम्हाला पाहून उठलीच. "आले का भाऊ! आज गाडी लवकर गरम झाली वाटते!" तिनं खुर्ची आणली, माठातलं पाणी दिलं. तिचा गुडघा, तिची गाय, तिची सून असं सगळं क्रमानं झालं. मग पेट्रोल पंपावर लाल. तिथं भरायचं काही नव्हतं, पण पंपावरच्या माणसानं चहा मागवला. मग एका पिठाच्या गिरणीसमोर लाल.

आम्ही आमगावला पोचलो तेव्हा मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते. नवरी सासरी निघून गेली होती. आम्ही उभ्याउभ्या गार बुंदी खाल्ली.

"बुंदी हिरवी हाय," काका म्हणाले.

मी मात्र लाल होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गोंदियाच्या बाजारात असलमभाई मिस्त्रीकडे गेले. असलमभाईंनी कांदा सोडला, पंचा सोडला, थर्माकोल काढला, गोधडी उलगडली. मग चष्मा कपाळावर सरकवून काकांकडे बघत राहिले.

"काका, गर्मी में इसको रजाई कौन ओढ़ाता है?"

"ऊन लागू नाई म्हनून!"

"गर्मी बाहर से कम, अंदर से ज़्यादा बनती है. उसको निकलने का रास्ता तो दो!"

त्यांनी डबी उघड्यावर, वारं लागेल अशा जागी फ्रेमवर बसवली. मागे पांढरी पेस्ट लावून ॲल्युमिनिअमची पट्टी कसली, म्हणजे आतली उष्णता पट्टीत उतरून वाऱ्यावर जाईल. सुरुवातीला आणि पुलाच्या चढावर पायडल मारा, सगळा भार मोटरवर टाकू नका, असंही सांगितलं. आम्ही भर उन्हात घरी आलो. काकांनी हात लावून पाहिला.

"हिरवी हाय," ते म्हणाले. इतक्या पडेल आवाजात हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग एकदा ते आमगावला जाऊन परत आले. माझी भाजी चिरून होते न होते तोच आले, असं मला वाटलं. मी कौतुक केलं तर नुसते हं म्हणाले. त्यानंतर सायकल ओसरीतच उभी दिसू लागली, आणि काका तिच्याशेजारी.

एका सकाळी ते आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तो असलमभाई थोडी गरम करून देईल का?"

"काय गरम?"

"डबी. जास्त नाई. त्या तांदूळवाल्या बाईच्या घरापावतर तापली म्हंजे झालं."

"काऊन काका?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी आपसूक त्यांचीच बोली आली.

ते सायकलीच्या दिशेनं पाहत राहिले. "बिनाकामानं कोनाच्या दारात कसं उभं राहावं? लोक इचारतेत, कायले आले? गाडी गरम झाली म्हनलं का कोनी इचारत नाई. खुर्चीच टाकतेत." मग म्हणाले, "फाटकावर होतो तवा बरं होतं. लोकच येऊन थांबत."

मला एकदम उमगलं, की इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहून काका आमच्या घरात कधीच आले नव्हते. मला ते एकलकोंडे वाटायचे. पण आमच्या दारात त्यांची गाडी तापणार कशी? ती तर इथूनच निघायची, थंडगार.

मी कडी काढली.

"आत या काका. पोहे केलेत."

"कायले?" ते दचकलेच. "काही काम हाय का?"

"काही काम नाही. उगीच."

"उगीच?" त्यांनी विचारलं.

"उगीच."

काकांनी चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या आणि ते आत आले.