डावीकडून चौथी बरणी

ड्रॉइंगच्या बाईंनी स्वयंपाकघराला हात घातला, तेव्हा त्यांचे यजमान केस कापायला गेले होते. एरवी तिथे यजमानांचं राज्य. तीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडून निवृत्त झालेला माणूस. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती. परत येऊन बघतात तो एकही चिठ्ठी शिल्लक नाही, डबेही नाहीत. फळीवर अठरा एकसारख्या काचेच्या बरण्या उभ्या. डावीकडे पांढरंशुभ्र, मग पिवळसर, मग तांबूस, आणि उजव्या टोकाला काळीभोर चहापूड.

"चिठ्ठ्या कुठायत?"

"काढल्या. डोळ्यांना खुपत होत्या. सगळं कसं एकसंध दिसायला हवं."

बाईंचाही नाइलाज होता. मुख्याध्यापकांनी चित्रकलेचा तास बंद करून तो गणिताला द्यायचं ठरवलं होतं. बाई भांडल्या. समतोल, लय, रंगसंगती ही तत्त्वं नुसती कागदावरची नाहीत, रोजच्या जगण्यात उपयोगी पडतात, असं तावातावाने म्हणाल्या. त्यावर मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले होते की रविवारी चहाला येतो, उपयोग दाखवा; पटला तर तास राहील. बाईंची बावीस वर्षं एका चहावर लटकली होती. हे कळल्यावर यजमानांनी ओठांवर आलेलं सगळं गिळलं.

पण चहा त्यांनाच करायचा होता. रविवारी सकाळी ते साखर शोधायला लागले. पांढऱ्या बरण्या सहा. पहिलीत मैदा निघाला, दुसरीत खाण्याचा सोडा. तिसरीतली चिमूट जिभेवर ठेवल्यावर ती कपड्यांना घालायची खळ असल्याचं कळलं आणि त्यांनी चार वेळा चूळ भरली. चौथीत एकदाची साखर सापडली. टपालातली सवय कामी आली. डावीकडून चौथं घर, साखर, असा डोक्यात शिक्का मारून ते शर्ट बदलायला गेले.

तेवढ्यात बाई आत आल्या. लांब उभं राहून, डोळे बारीक करून त्यांनी फळी न्याहाळली. साखरेची बरणी अर्धी होती, पाचवी मिठाची काठोकाठ. नजर डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरायला हवी, ती मध्येच खड्ड्यात पडत होती. बाईंनी दोन्ही बरण्यांची अदलाबदल केली आणि समाधानाने बाहेर जाऊन उशा नीट करू लागल्या.

मुख्याध्यापक अकराच्या ठोक्याला आले. फळीसमोर उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि छान आहे म्हणाले. बाईंच्या जिवात जीव आला. मग चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "यात मीठ आहे."

यजमानांनी आपल्या कपातला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. चौथ्याच बरणीतली घातली होती, हात कोणी लावला, असं त्यांनी विचारलं. आपण फक्त समतोल साधला, असं बाई पुटपुटल्या. झालं, दोन दिवस आवळून धरलेला संयम सुटला.

"समतोल? अगं, इतकी वर्षं तुझे धडे ऐकतोय मी. बघणाऱ्याची नजर आधी कुठे जायला हवी ते चित्राने सांगायचं असतं, हे तूच शिकवतेस ना? काळ्याजवळ पांढरं ठेवलं की उठून दिसतं, हेही तूच. मग पांढऱ्याशेजारी पांढरं, त्याच्याशेजारी पुन्हा पांढरं, यात माणसाने बघायचं काय?"

बोलता बोलता त्यांनी कोरा कागद ओढला, जाड काळ्या पेनाने 'साखर' लिहिलं, चारी बाजूंना ऐसपैस जागा सोडली आणि आत जाऊन कागद साखरेच्या बरणीच्या बरोबर मध्यावर चिकटवला. बाई खाली बघत उभ्या होत्या. तास गेला, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मुख्याध्यापक मात्र उठून स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात उरलेला, मीठ-साखर काहीच न पडलेला कोरा चहा त्यांनी दुसऱ्या कपात ओतला. हात सरळ त्या बरणीकडे गेला. उभ्या उभ्या सगळा चहा पिऊन त्यांनी कप विसळून ठेवला.

"कोणाला न विचारता सापडली," ते म्हणाले. "उपयोग पटला. तास राहील, बाई. फक्त पहिला धडा यांना घेऊ द्या."

शनिवारी यजमान कुरकुरत शाळेत गेले. अडतीस पोरांसमोर घसा कोरडा करून दुपारी घरी आले, ते थेट चहा करायला. बघतात तर काय, अठराही बरण्यांवर चिठ्ठ्या! त्यांना अगदी भरून आलं.

"तुमचं पटलं हो मला," बाई बाहेरून म्हणाल्या. "मी फक्त तेवढी रंगसंगती सांभाळली."

यजमान जवळ गेले. चहापुडीवर काळा कागद होता आणि त्यावर काळ्याच शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. डावीकडच्या सहा बरण्यांवर पांढरे कागद होते, त्यांवर पांढऱ्या रंगातली अतिशय सुबक अक्षरं. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. शेवटी एका बरणीतली चिमूट घेऊन जिभेवर ठेवली.

खळ होती.