चांगुणाने वाट मागितली

मुलांनो, एका जंगलात एक तलाव होता. आता तुम्ही विचाराल, दर वेळी सगळं एकाच जंगलात कसं घडतं? तसं दुसऱ्या जंगलांतही घडतं. पण तिथे सांगायला बंदी आहे.

तर हा तलाव. फार पूर्वी हत्तींनी ओढ्याला बांध घातला आणि पाणी अडवलं. तेव्हापासून तो सगळ्यांचा होता. त्यात मरळ होती, वाम होती, झिंगे होते. काठावर चांगुणा नावाची पाणमांजर राहायची. तिला दोन पिल्लं. नवरा खालच्या नदीकडे गेला तो परत आलाच नाही. त्यामुळे मासे धरणं, पिल्लांना पोहायला शिकवणं आणि शेजाऱ्यांशी भांडणं ही तिन्ही कामं तिला एकटीला करावी लागत. त्यातलं तिसरं ती फार मन लावून करायची.

तलावात नावसुद्धा होती. म्हणजे बापू कासव. पलीकडच्या तीरावर उंबराची झाडं होती. उंदीर, खारी, मुंगूस यांना पाठीवर घेऊन बापू तिकडे सोडायचा. "हलू नका रे," एवढंच म्हणायचा. जायला सकाळ जायची आणि यायला दुपार. कुणालाच घाई नव्हती.

अडचण एकच होती. पाण्यात उतरायच्या वाटेवरची शेवटची दहा पावलं. तिथे शेवाळ धरलं होतं. चांगुणाचं काही बिघडत नव्हतं, ती पोटावर घसरतच उतरायची. पण एके दिवशी म्हातारा धोंडू साळिंदर तिथून घसरला. आणि साळिंदर घसरलं की एकट्याचं नुकसान होत नाही. खाली नावेसाठी उभ्या असलेल्या सहा जणांचं झालं.

चांगुणाने दिवसभर सगळ्यांच्या अंगातले काटे उपसले. धोंडूचा पाय मोडला होता. तो कण्हत नव्हता, नुसता बघत होता. तिला ते बघवेना.

बापू म्हणाला, "पाच दगड टाकले की झालं. उद्या आपण दोघं टाकू."

"आपण का म्हणून?" चांगुणा फणकारली. "राजा आहे, दरबार आहे. हक्कानं मागू!"

बापूने मान आत घेतली. कासवं इतकी वर्षं जगतात, ती उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी चांगुणा दरबारात गेली. सिंह नुकताच जेवून उठला होता, म्हणून प्रजेबद्दल त्याला प्रेम वाटत होतं.

"माझ्या राज्यात तलावापर्यंत वाट नाही?" तो गरजला. "केवढी नामुष्की!"

"वाट आहे, महाराज. फक्त पाच दगड..."

"पाच?" सिंहाने आयाळ झटकली. "राजा काय पाच दगड देतो?"

तेव्हा कोल्हा उठून उभा राहिला. तो दरबाराचा सल्लागार होता. गळ्यात पिशवी होती आणि पिशवीत वही.

"महाराज, प्रश्न दगडांचा नाही," तो म्हणाला. "प्रश्न सुगम्यतेचा आहे."

सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. त्यामुळे सगळ्यांना तो पटला.

मग जनसुनावणी झाली. तलाव खोलगट भागात, म्हणून सुनावणी डोंगरावर ठेवली होती, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. मासे आले नाहीत. कोल्ह्याने वहीत लिहिलं, 'मासे गैरहजर. सबब हरकत नाही.'

मग त्याने विचारलं, "तलाव सोयीचा हवा की गैरसोयीचा? सोयीचा हवा त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. चांगुणाने दोन्ही केले.

कोल्ह्याने नकाशा उलगडला. एकशे एक पायऱ्या. होड्या लावायला दगडी धक्का. नौकाविहाराला तीन होड्या. शिवाय मासे धरणाऱ्यांसाठी पाण्यावर झुकलेला सज्जा, त्याला लाकडी कठडा.

"साहेब," चांगुणाने विचारलं, "हा सज्जा पाण्यापासून किती उंच?"

"दोन हत्ती."

"मग मी मासा धरणार कसा?"

"चांगुणाबाई," कोल्हा गोड हसला, "दर वेळी पोटाचंच बघू नये. जरा देखावाही बघावा."

लोक हसले. चांगुणाही हसली. मागणी तिची होती ना! घरी येताना ती पिल्लांना म्हणाली, "बघा, तुमच्या आईच्या एका शब्दावर काय काय होतंय ते!"

आणि झालंही. आधी रेडे आले, मग माकडं आली. मग कोल्ह्याने दवंडी पिटली की पायऱ्यांचा पाया घालायचा म्हणजे पाणी थोडं खाली घ्यायला हवं. तात्पुरतं. मुलांनो, 'तात्पुरतं' हा शब्द ऐकलात की आपल्या वस्तू मोजून घ्याव्यात. चांगुणाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हत्तींच्या बांधाला भगदाड पाडलं. पाणी दोन दिवस ओरडत गेलं. तिसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं.

तलावाच्या मधोमध एक डबकं उरलं. सगळे मासे त्यात. वरती पाठीच पाठी. बगळे आले, करकोचे आले, कोल्ह्याचे तिन्ही मेहुणे आले. ज्याने त्याने नुसतं तोंड खाली करायचं. "याला म्हणतात मासेमारीची सोय!" कोल्हा मिशी चाटत म्हणाला.

खोटं कशाला सांगू? पहिल्या दिवशी चांगुणानेही खाल्लं. पिल्लांची पोटं टम्म फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली. डबकं आता वीतभर खोल राहिलं होतं. त्यात एक मरळ होती. तिच्या भोवती तिची पोरं, शे-दीडशे, तांबूस, काडीएवढी. पाठ उघडी पडलेली, तरी ती त्यांच्याभोवती गोल गोल फिरत होती. बगळा टोच मारायचा, ती मध्ये यायची. डोक्यावर दोन जखमा झाल्या होत्या.

चांगुणा काठावर उभी राहिली. हीच ती मरळ जिच्या मागे ती गेल्या वर्षी चार दिवस लागली होती. आता वाकलं की तोंडात येणार होती.

"आई, ही मी घेऊ?" थोरलं पिल्लू म्हणालं.

"नाही," चांगुणा म्हणाली. "बास झालं."

ती तशीच पळत बापूकडे गेली. बापू चिखलात रुतून बसला होता. नावेला पाणीच नव्हतं.

"बापू, माझं चुकलं," ती म्हणाली.

बापूने मान बाहेर काढली. "ते नंतर बोलू. काय करायचं ते सांग."

ओढ्याच्या वरच्या अंगाला, मोठ्या खडकांच्या पाठीमागे एक डोह होता. काळा, खोल, बारमाही. पिल्लांनी पळसाची पानं आणली. चांगुणाने द्रोण लावले. द्रोणांत पाणी, पाण्यात मरळीची पोरं, आणि द्रोण बापूच्या पाठीवर. "हलू नका रे," बापू सवयीने म्हणाला, आणि चालू लागला. धोंडू साळिंदर तीन पायांवर लंगडत पुढे गेला. काटे फुलवून तो वाटेत उभा राहिला, म्हणून बगळ्यांनी नाद सोडला.

मरळीला चांगुणाने स्वतः नेलं. तोंडात धरून, दात न लावता. हे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. गरम जिलबी दातांत धरून बाजारातून घरापर्यंत चालत या, मग थोडं कळेल. चढ होता, ऊन होतं, मासळीची चव जिभेवर होती. खडकापाशी तिचे डोळे पाण्याने भरले. ते दुःखाने की भुकेने, हे तिलाच सांगता आलं नसतं. डोहाशी येऊन तिने तोंड उघडलं. मरळ क्षणभर आडवी पडून राहिली. मग शेपटी हलली आणि ती खाली गेली. आभार वगैरे काही मानले नाहीत.

पुढचे चार दिवस ते सगळे हेच करत होते. वाम नेली, झिंगे नेले. जेवढे जमले तेवढे. बरेच राहिले.

पावसाळ्याच्या अखेरीस उद्घाटन झालं. काम देखणं झालं होतं, यात शंका नाही. एकशे एक पायऱ्या, एकीवरही शेवाळ नाही. धक्क्यावर पाटी होती, 'पाणी खोल आहे, सांभाळा.' खाली भेगाळलेला चिखल. पाऊस भरपूर पडला होता, पण भगदाडातून निघून गेला. भगदाड बुजवणं आराखड्यात नव्हतं. बांध हत्तींचा, आणि सुगम्यता कोल्ह्याची. एकाने दुसऱ्याच्या कामात तोंड घालू नये, असा दरबारचा रिवाज होता.

सिंहाने पायऱ्यांवर आडवी बांधलेली वेल तोडली आणि तो होडीत बसला. आठ रेड्यांनी होडी चिखलातून ओढली.

"वा!" सिंह म्हणाला. "जराही हेलकावत नाही."

"सुरक्षित नौकाविहार, महाराज," कोल्हा म्हणाला.

मग 'मूळ मागणीदार' म्हणून चांगुणाचा सत्कार झाला. गळ्यात झेंडूची माळ पडली. टाळ्या वाजल्या. तिला वाटलं, या पायऱ्या आत्ताच्या आत्ता दुभंगाव्यात.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "पाणी?"

"पाणी दुसऱ्या टप्प्यात," कोल्हा टाळ्या वाजवत पुटपुटला.

महिन्याभराने एका दुपारी कोल्हा धापा टाकत ओढ्याच्या अंगाने वर आला. दोनदा आपटला होता. कानात कुसळं, वहीला चिखल. चांगुणा खडकावर बसली होती.

"चांगुणाबाई, इकडे एक डोह आहे म्हणतात? मासेही आहेत म्हणे?"

"डोह? कसला डोह?"

"असेल तर सांगा. वाट फार वाईट आहे. तुम्ही नुसता अर्ज द्या, दुसऱ्या टप्प्यात घेऊन टाकतो."

"छे हो, साहेब. इथे नुसते दगड."

कोल्ह्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं. "मग तुम्ही ओल्या कशा?"

"घाम," चांगुणा म्हणाली.

खडकामागे डुबुक् आवाज झाला. मग पिल्लांचं खिदळणं.

"तो कसला आवाज?"

"लेकरांना पडसं झालंय."

कोल्ह्याला परत तेवढंच उतरायचं होतं आणि दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. त्याने वही उघडली आणि लिहिलं, 'वरच्या भागातील रहिवासी समाधानी. मागणी नाही.' चांगुणाने खाली पंजाचा ठसा उमटवला. तो ओला उमटला. कोल्ह्याने फुंकर मारून वाळवला आणि तो निघून गेला.

आता तात्पर्य. अडचण आली की दरबारात दाद मागावी, असं तुम्ही परीक्षेत लिहा, गुण मिळतील. पण घरी लक्षात ठेवायचं ते असं: आपली गैरसोय जिवापाड जपावी. बहुतेक वेळा तिच्याच आडोशाला पाणी शिल्लक असतं.