विमान उडतंच

आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटल्यामुळे (म्हणजे मीच सोडल्यामुळे) माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच. पण सरकत्या पट्ट्यावरून विमान उडतं, हे मी कुठल्याही शब्दांत सांगेन.

त्या संध्याकाळी तिच्या घरी मी फक्त मान हलवायची असं ठरवून गेलो होतो. आमच्या लग्नाला तिच्या वडिलांचा होकार तेवढा बाकी होता. मी कारखान्यात पट्ट्यावरची खोकी उचलतो हे ऐकून ते ऑफिसात असते तसल्या चाकांच्या खुर्चीत मागे रेलले.

"मग सांगा. पट्ट्यावर विमान उभं आहे. ते जेवढ्या जोरात पुढे, तेवढ्याच जोरात पट्टा मागे. उडणार नाही, बरोबर?"

"उडेल, काका."

तिने मला कोपर मारलं. "अरे, नाही म्हण ना!"

"चाकं नुसती फिरतात. विमानाला ओढतो तो पंखा, आणि तो हवेला धरून ओढतो. पट्टा काय करणार?"

"सिद्ध करा," काका म्हणाले.

(इथे शहाण्या माणसाने चहा मागितला असता.)

कोपऱ्यात टॉवेल वाळत घातलेली ट्रेडमिल होती. मी टॉवेल काढले, तिचे जुने स्केट्स चढवले (ते मला बसले, यावर तिची आई तोंडाला पदर लावून हसली) आणि कपड्यांच्या दोरीचं एक टोक काकांच्या हातात दिलं. "घट्ट धरा. पट्टा कितीही पळू दे, दोरी ओढून मी पुढे येतो."

तिने ट्रेडमिल चालू केली. मी सगळा जोर लावला.

मी जागचा हललो नाही. काका हलले! गुळगुळीत फरशीवरून खुर्चीसकट सुसाट आले आणि त्यांचा गुडघा ट्रेडमिलवर आदळला.

"अहो, दोरी सोडा ना!" तिची आई ओरडली.

"घट्ट धरायला सांगितलंय त्याने!" काका विव्हळले.

"चूक खुर्चीची आहे," मी म्हणालो. "विमान उडतंच."

"चालते व्हा!"

मी चालता झालो, पण स्केट्स घालूनच. त्यामुळे जिन्यापर्यंत जरा लवकर पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरची चार पायांची लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. काकांनी लंगडत दार उघडलं. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आत या. दोरी आहे अजून."

या वेळी खुर्ची तसूभर हलली नाही. पट्टा मागे पळत राहिला आणि मी थेट पुढे गेलो, समोरच्या बटणांच्या पाटीपर्यंत.

काकांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. विमान उडेल, आणि लग्नही होईल. फक्त लग्न माझे पुढचे दोन दात बसवून झाल्यावर.