एकाआड एक निळी रांग

वेबसाइट या विषयात आमच्या इमारतीत माझा शब्द शेवटचा! बारा वर्षं मी पोटापाण्यासाठी हेच करतोय. त्यामुळे शनिवारी सकाळी सासरे येऊन म्हणाले, "जावईबापू, सोसायटीचं ते पान जरा बघा, वाचताना ओळीच चुकतात," तेव्हा मी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"बाबा, दोन मिनिटांचं काम!"

सासरे आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. (घर घेताना हा शहाणपणा मीच केला.) एकोणीस वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि रविवारी दहाला निवडणूक होती. विरोधात एकशे एकमधले निवृत्त इन्स्पेक्टर.

"हरलो तर दिवसभर करू काय?" सासरे म्हणाले. "तुमच्याकडे येऊन बसत जाईन!"

आता मात्र मी कप खाली ठेवला. हे निवडून यायलाच हवे होते.

पानावर वर सूचना होती, 'सोमवारी टाकी धुणार. पाणी जपून वापरा.' खाली चोवीस फ्लॅटचे फोन नंबर. जावास्क्रिप्टच्या तयार कोडची एक लायब्ररी आहे, तिला एका ओळीत सांगितलं की ती यादीतल्या एकाआड एक रांगा रंगवून देते. मी विषम रांगा फिक्या निळ्या करायला सांगितल्या. म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी. झालं काम!

आता ही लायब्ररी रांगा शून्यापासून मोजते, म्हणजे पहिली रांग तिच्या लेखी शून्य, हे मला बारा वर्षं माहीत आहे. नेमका त्याच दिवशी विसरलो, एवढंच. निळी झाली दुसरी, चौथी, सहावी. म्हटलं, काय बिघडलं? कुठलीही रंगली तरी वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरच राहणार.

अर्ध्या तासात इन्स्पेक्टर दारात!

"निळ्यांना पाणी आणि पांढऱ्यांना ठणठणाट? सेक्रेटरी दोनशे चार, निळा! मी एकशे एक, पांढरा! निवडणुकीच्या आदल्या दिवशी विरोधकाचं पाणी तोडता?"

"अहो साहेब, रंगाला काही अर्थ नाही! मी स्वतः दोनशे तीन, मीपण पांढराच आहे!"

"म्हणजे जावयालाही सोडलं नाही?" इन्स्पेक्टर हळहळले. "काय माणूस आहे!"

त्यांच्यामागे जिन्यात आणखी दहा पांढरे उभे होते. वाद नको म्हणून मी एक शब्द बदलला, विषमच्या जागी सम. एकशे एक निळा झाला. इन्स्पेक्टर मिशीला हात लावत खाली गेले आणि त्यांच्या जागी बाकीचे अकरा आले.

"ते ओरडले म्हणून त्यांना पाणी!" तीनशे दोनच्या काकू कडाडल्या. "आणि आम्ही गप्प बसलो म्हणून आमचे नळ कोरडे! तुझ्या सासऱ्यांना मत देते का बघ!"

"काकू, तो नुसता रंग आहे हो!"

"मग नुसता रंग आम्हाला दे की!"

सासऱ्यांचा चेहरा पडला होता. "जावईबापू, काढा तो रंग! मुळापासून काढा!"

काढला. चोवीसच्या चोवीस रांगा पांढऱ्याशुभ्र! आता कोणी तक्रार करून दाखवावी.

कोणीही तक्रार केली नाही. कारण अख्ख्या इमारतीचं पाणी बंद, हे सगळ्यांना एकदमच कळलं! बादल्या, पातेली, कुकर, बाळाचा टब, काकूंच्या तर फुलदाण्यासुद्धा भरल्या. रविवारी सकाळी टाकीचा तळ दिसला. न भरलेली घरं फक्त दोन. एक आमचं, एक सासऱ्यांचं.

"तुम्हीच म्हणालात ना, रंगाला काही अर्थ नाही?" बायको रिकामी घागर माझ्यापुढे आपटत म्हणाली. "बाबांनापण मीच सांगितलं, हे त्यातले तज्ज्ञ आहेत!"

तेवढ्यात दार वाजलं. पावणेदहा वाजले होते. दारात सासरे. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला.

"तज्ज्ञ," ते म्हणाले, "तांब्याभर पाणी आहे?"

नव्हतं. मागायला दुसरं दार वाजवलं तर मत जाणार, आणि सभेला गेले नाहीत तर खुर्चीच जाणार! शेवटी अंगात सदरा अडकवून, फेसासकट ते खाली गेले. मी मागच्या खुर्चीत जमेल तेवढा लहान होऊन बसलो.

सभेत सगळ्या माना फेसाकडे वळल्या. मग काकू डोळे पुसत उठल्या.

"बघा! सगळ्यांना आधी कळवलं आणि स्वतः थेंब भरला नाही! असा सेक्रेटरी कुठे मिळेल?"

टाळ्यांचा कडकडाट! इन्स्पेक्टरांनी घरातून तांब्या आणला, सासऱ्यांचं डोकं स्वतःच्या हाताने धुतलं आणि अर्ज मागे घेतला. सासरे बिनविरोध! मला इतका आनंद झाला की पानाचा विषय काढायचं धाडस केलं.

"पान राहू दे," सासरे म्हणाले. "आपला फळा बरा."

दुपारी पाणी आलं तेव्हा त्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर तीच सूचना आणि तीच यादी लिहून काढली. पहिला मजला लिहिता लिहिता निळा खडू संपला, म्हणून पुढचं सगळं पांढऱ्याने लिहिलं.

मी ते वाचलं, वर आलो आणि नळ सोडला.

"अहो, रंगाला अर्थ नसतो ना?" बायकोने विचारलं.

"मुळीच नसतो," मी म्हणालो. "ती दुसरी बादली इकडे सरकव."