राखून ठेवलेले नऊ किलोमीटर

"माझे दोन किलोमीटर कुठं घालवलास, ते आधी सांग," लोखंडेमामा बाळू फिटरच्या गॅरेजसमोर उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की सांगवीतली झाडून सगळी कबुतरं नदी ओलांडून औंधात जाऊन बसली.

बाळूनं हातातला पाना खाली ठेवला नाही. "मामा, नवीन ब्रेक बसवला तर गाडी चालवून बघायला नको? पुलापर्यंत गेलो अन् आलो."

"पुढचं चाक उचलून न्यायचं होतंस की, काटा तरी फिरला नसता. नऊ राखून ठेवले होते मी. आता सातच राहिले."

येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, पेट्रोलवरून भांडण असेल. मला खरं कारण ठाऊक होतं, म्हणून मी टायरांच्या ढिगामागे सरकलो. ब्रेक बदलून घ्या, हा सल्ला माझाच होता.

सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे अंबादास लोखंडे, मूळचे लातूरकडचे, निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. गेली तेरा वर्षं हा माणूस मोटरसायकलवरून गुरू ग्रहाला फेरी मारतो आहे. आकाशातल्या गुरूला, बरं का. त्या ग्रहाचा पोटावरून घेर चार लाख एकोणपन्नास हजार एकशे सत्याण्णव किलोमीटर. मामांची गाडी जमिनीवर जेवढी पळेल, तेवढी ती गुरूवर पळाली असं धरायचं. रोज सांगवी ते निघोजे जाऊन-येऊन पन्नास. सुट्टी मिळाली की कच्छ, कन्याकुमारी, कोलकाता. गाडीचा काटा पाच आकडी, तो आजवर चार वेळा शून्यावर आला. इंजिन इतक्यांदा उतरवलं, की काटा सोडला तर मूळच्या गाडीतला आता फक्त हॉर्न शिल्लक आहे, आणि तो वाजत नाही.

एकदा मी शहाणपणा केला. "मामा, गुरूवर जमीनच नाही म्हणतात. नुसता वायू. टायर टेकणार कुठं?"

"चाकण चौकातल्या खड्ड्यांत टेकतंय का?" मामांनी विचारलं.

गुरूवर एक तांबडं वादळ आहे, अख्खी पृथ्वी गिळेल एवढं. मामा हिशोबानं त्याच्या कडेला पोचले, नेमकं तेव्हाच चौकात दोन कंटेनर आडवे झाले. मामांनी तिथूनच कंपनीत फोन केला, "वादळात अडकलोय, फर्स्ट शिफ्टला उशीर होईल." बाहेर लख्ख ऊन. सुपरवायझर नवा होता. त्यानं अर्धी रजा मांडली आणि कारणाच्या रकान्यात खरोखर 'वादळ' लिहिलं.

आणि हे सगळं मामा लिहून ठेवतात. कंपनीतल्या रद्द तपासणी-फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूला, बारीक अक्षरात. फायली इतक्या झाल्यात, की आमचं छत मध्यभागी वीतभर खाली आलंय. प्रवासवर्णन म्हणाल, तर असं:

'उडुपी. मेदूवडा, बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटर, भोक २१. पास. चहा पातळ. रिजेक्ट.'

'कन्याकुमारी. सूर्योदय चार मिनिटं उशिरा, ढगांमुळे. समुद्र मोजता आला नाही. पास.'

मापं घ्यायचा व्हर्नियर कायम खिशात. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "मोजून सांगतो." लग्न का नाही केलं, असं माझ्या बायकोनं विचारलं, तेव्हाही तेच म्हणाले. अजून मोजतायत.

आता या वेडाची सुरुवात सांगतो. इथं मात्र मी एका अक्षराची भर घालणार नाही.

माझी केतकी सात वर्षांची असताना गच्चीच्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून पोर पलंगावर. पहिले काही दिवस रडली, मग बोलायचीच बंद झाली. भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही दोघं नवराबायको तिच्यासमोर हसायचो आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचो.

एका संध्याकाळी मामा शिफ्टवरून आले, कंपनीचा डबा हातात. खिडकीतून एक ठळक चांदणी दिसत होती. ते सहज म्हणाले, "तो गुरू. सगळ्यांत मोठा ग्रह." भिंतीकडून आवाज आला, "तुमच्या गाडीवरून त्याला चक्कर मारायला किती दिवस लागतील?"

किती तरी दिवसांनी पोर बोलली होती. मी हसलो. मामा हसले नाहीत. म्हणाले, "मोजून सांगतो."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पलंगाशेजारी स्टूल. "आज पन्नास किलोमीटर. निघोज्यात डाव्या हाताला म्हैस, उंची सव्वाचार फूट. पास." केतकी ऐकायची, चुका काढायची. मग हसायला लागली. मग जेवायला लागली. डॉक्टरांनी हाड जोडलं, त्यांचे उपकार आहेतच; पण पोरीला भिंतीकडून आमच्याकडे वळवलं ते या माणसानं.

ती बरी झाली, शाळेत गेली, पुढं नागपूरला इंजिनिअरिंगला गेली. आम्हाला वाटलं, प्रश्न विसरला गेला. मामा मोजत राहिले.

मागच्या महिन्यात मामा अचानक कंपनीच्या बसनं जायला लागले. गाडी खाली झाकून ठेवलेली. तीन आठवडे असेच गेले. मला वाटलं, वय झालं. मग एके दिवशी जिन्यात त्यांनी विचारलं, अगदी पावसापाण्याचं विचारावं तसं, "केतकी सुट्टीला कधी येणार?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. नऊ किलोमीटर उरले होते, आणि ते त्यांना एकट्यानं संपवायचे नव्हते.

म्हणून ती गॅरेजसमोरची आरडाओरड. शेवटी बाळूला त्याच्या दोन किलोमीटरचं प्रवासवर्णन लिहून द्यावं लागलं, 'पुलापर्यंत गेलो. कुत्रं आडवं आलं. ब्रेक लागला. परत आलो.' मामांनी दोनदा वाचलं आणि खाली 'पास' लिहिलं.

रविवारी केतकी आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. गाडी खाली उघडी दिसली आणि तिनं बॅग तशीच माझ्या हातात देऊन हेल्मेट मागितलं. ती मामांच्या मागे बसली. मी आणि बायको स्कूटरवर पाठोपाठ.

नाशिक फाटा गेला. भोसरीच्या अलीकडे, एका उसाच्या गुऱ्हाळासमोर, मामांनी भर वाहतुकीत गाडी कडेला घेतली. मागचा ट्रकवाला आईबहिणीचा उद्धार करत गेला. काटा ४९१९७ वर उभा होता. गुऱ्हाळवाल्याला काही कळेना, तरी त्यानं दोन ग्लास धुतले.

मी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. दोऱ्याची गाठ सुटेना, म्हणून तो बायकोनं घेतला. गेली तेरा वर्षं मी या माणसाची टिंगल केली आणि त्याचे आभार एकदाही मानले नव्हते. त्या दिवशीही जमलं नाही. म्हणून हे लिहितोय.

केतकी उतरली. वाकून तिनं काटा वाचला, एकेका आकड्यावर बोट ठेवून. मग मामांकडे वळली.

"मग? किती दिवस लागतात?"

मामांनी हेल्मेट काढलं, चष्मा शर्टाला पुसला.

"तेरा वर्षं," ते म्हणाले. "चहा धरून."