बचावबोटीच्या पंपातील प्रवाहाचे स्थिरीकरण

सर्व अपघातांच्या मुळाशी हालचाल असते. जी वस्तू हलत नाही, तिच्याविरुद्ध सहसा तक्रार येत नाही. हे सत्य आमच्या बंदर कचेरीला एका पंपाने शिकवले.

आमची बचावबोट पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावर चालत नाही. तिचा पंप बुडाखालून पाणी ओढतो, मागे जोराने फेकतो आणि बोट पुढे जाते. (उलटे एकदाच घडले, चौकशी चालू आहे.) दोष एवढाच, की मधल्या वेगाला पंपाच्या तोंडाशी पाणी उलटे फिरते, बोट थरथरते आणि तिचा जोर जातो.

"ऐन मोक्याला कच खाते हो साहेब," बोटचालक सांगायचा. "माणूस समोर हात हलवतोय, आणि मी जागच्या जागी गुरगुरतोय!"

गेल्या हंगामात बुडणारा एक शिक्षक त्याच्या हाती लागला तो शेवटच्या गटांगळीला. तेव्हापासून नवऱ्याला अन्न गोड लागत नाही, असे चालकाची बायको कचेरीत येऊन रडून सांगून गेली. तिची नोंद आवक वहीत घेतली आहे.

चालकाचा मेव्हणा कार्यशाळेत फिटर. त्याने पंपाच्या तोंडाशी आतल्या बाजूने करंगळीएवढ्या बारा खाचा पाडल्या. पाणी सरळ झाले, थरथर थांबली, बोट सुसाट सुटली. साहजिकच समिती नेमावी लागली (अध्यक्ष, सात सदस्य, आणि सदस्य-सचिव मी). मंजूर ड्रॉइंगमध्ये खाचा नव्हत्या, त्यामुळे त्या पंपात असणे शक्यच नव्हते. त्या बुजवण्यात आल्या.

"अहो, पण चालत होती ना चांगली?" फिटर म्हणाला.

परवानगीशिवाय चांगले चालणे हीच अस्थिरतेची सुरुवात, हे अध्यक्षांनी त्याला न रागावता समजावले.

मग आम्ही शास्त्रीय मार्ग धरला. क्षणाक्षणाला मोजला तर कोणताही प्रवाह हेलकावे खाणारच. म्हणून दिवसाची सरासरी काढली. स्थिरता अडुसष्ट टक्के. जेवणाच्या सुटीसह, ब्याऐंशी. बोट धक्क्याला बांधलेली असताना घेतलेले आकडे तर डोळे निववणारे होते: शंभर टक्के, सलग नऊ दिवस. आता ती तिथेच असते.

चालकाने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "आणि कोणी हाक मारली तर?" विचारताना त्याचा आवाज कापत होता. हे कंपन पंपाचे नसल्याने अहवालात धरलेले नाही.

राहता राहिले बुडणारे. हे लोक विनाकारण हातपाय झाडतात, त्याने पाणी ढवळते आणि ढवळलेले पाणी पंपाला मानवत नाही. सबब, बुडणाऱ्याने बोट येईपर्यंत निश्चल राहावे. ही अट किनाऱ्याच्या प्रवेश-तिकिटामागे बारीक अक्षरात छापली असून, ती मान्य केल्याची खूण म्हणून दारावर तिकीट फाडले जाते. वाचकहो, मागच्या सुटीत आपण हसत हसत चार तिकिटे फाडून घेतलीत. त्यांतली दोन अर्ध्या दराची होती.