उभ्याने ऐकणारा जावई

खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी हेडमास्तरांना नवी अँटिबायोटिक दिली. खोकला थांबला आणि हेडमास्तर दाराजवळच्या कोट-स्टँडशी बोलायला लागले.

"या जावईबापू! असे परक्यासारखे उभे का?"

स्टँडवर हेडमास्तरांचाच जुना कोट होता आणि वर टोपी. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. खऱ्या जावयाशी दोन वर्षं अबोला होता. निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तर भाषणात ऐन रंगात आले असताना जावई घोरला होता, तेही माइकजवळ.

"अहो, तो स्टँड आहे!"

"हळू बोल. ऐकतील ते."

हेडमास्तरांनी तेच भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. स्टँड जागचा हलला नाही.

"बघ! डुलकी नाही, जांभई नाही!" ते स्टँडकडे वळले. "माझंच चुकलं, जावईबापू. उगाच मनात धरून बसलो."

त्यांनी स्टँडला मिठी मारली. स्टँड कलंडला, टोपी खाली पडली.

"अहो जावईबापू, पाया कसले पडताय!"

बायकोने डॉक्टरांना फोन लावला.

"गोळीचा परिणाम आहे," डॉक्टर म्हणाले. "एखाद्याच्या मेंदूला सोसत नाही, भास होतात. गोळी बंद करा आणि त्यांना लगेच घेऊन या."

बायको जरा घुटमळली. "उद्यापासून बंद केली तर? माझ्या भावाशीही यांचं वाकडं आहे हो."

"आत्ताच्या आत्ता बंद!"

औषध बदललं, भास गेले. पण जावई येऊन गेला आणि सगळं मिटलं, एवढं हेडमास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलं. ते खोडायची कोणाची छाती होईना. शेवटी मुलीने नवऱ्याला माहेरी आणलं आणि जिन्यातच बजावलं, "बाबा काहीही म्हणाले तरी 'हो' म्हणायचं. आणि जागं राहायचं."

हेडमास्तरांनी जावयाला कडकडून मिठी मारली. जावयालाही भरून आलं. "मामा, खरंच चुकलो मी. त्या दिवशी रात्रपाळी करून आलो होतो."

"झालं गेलं विसरा. भाषणाचा उत्तरार्ध राहिलाय, तेवढा ऐका. बसा."

"नको, उभाच राहतो," जावई घाईने म्हणाला. बसलो की संपलं, हे तो जाणून होता.

भाषण सुरू झालं. जावयाने एक पाय बदलला, मग दुसरा. तोंडावर हात धरून जांभई गिळली, मान डोलावली, मधूनमधून "वा!" म्हटलं. अर्ध्या तासाने हेडमास्तर थांबले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले.

"बरं नाही का तुम्हाला?" ते काळजीने म्हणाले. "परवा किती मन लावून ऐकत होतात!"